सुई टोचण्याआधी



कातडीखालची न दुखणारी गाठ बहुतेक वेळा चरबीची निघते. तिची घाई नसते. पण मांडीच्या किंवा पाठीच्या स्नायूत, खोलवर, वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी एक पाण्याची गाठ असते. हायडॅटिड सिस्ट तिचं नाव.

ती होते एका इवल्याशा जंतापासून. काही मिलिमीटर लांबीचा हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून त्याची अंडी माती-पाण्यात मिसळतात, चाऱ्यातून मेंढ्यांच्या पोटात जातात आणि न धुतलेल्या हातातून, भाजीतून माणसाच्याही. रक्तात शिरलेली अळी बहुधा यकृतात अडकते, नाहीतर फुप्फुसात. या दोन्ही गाळण्या चुकवून स्नायूपर्यंत पोहोचणारी विरळाच. त्यामुळेच ही शंका कुणाला चटकन येत नाही. पू असेल असं समजून सुई घातली जाते, चीर दिली जाते.

नेमका इथेच घात होतो. आतलं पाणी दिसतं स्वच्छ, पण त्यात जंताचे जिवंत अंकुर असतात. ते सांडले की आजूबाजूला नव्या गाठी उगवू शकतात. क्वचित तीव्र ॲलर्जी येऊन रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. यकृतातल्या काही गाठींवर सुईनेच उपचार करतात हे खरं, पण औषध सुरू करून, पूर्ण तयारीनिशी.

म्हणून आधी सोनोग्राफी. मोठ्या गाठीच्या पोटात छोट्या गाठी दिसल्या, आतला पापुद्रा सुटलेला दिसला, की निदान जवळपास पक्कं. एमआरआयमध्ये नसा आणि रक्तवाहिन्या किती जवळ आहेत ते कळतं. रक्ततपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त होऊ नये. स्नायूतल्या गाठीत ती पुष्कळदा फसवते. यकृत आणि फुप्फुसंही तपासायलाच हवीत. शिवाय काही कर्करोगही असेच पाणीदार दिसतात, तिथेही आडवीतिडवी सुई पुढची शस्त्रक्रिया बिघडवते.

शस्त्रक्रियेआधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात. मग भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या ठेवून, गाठ न फोडता, लगतच्या स्नायूच्या थरासकट अख्खी काढतात. मोठ्या नसेला चिकटली असेल तर हे जमत नाही; तेव्हा आतलं पाणी जपून ओढून, जंतनाशक द्रावण वापरून आतलं अस्तर काढावं लागतं. पुढे गोळ्या चालू ठेवतात, आणि काही वर्षं अधूनमधून सोनोग्राफी.

मेंढपाळ बांधवांनो, तुमच्या घरात गाठीची तक्रार असेल, तर आपल्याकडे मेंढ्या आणि कुत्री आहेत हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. कापलेल्या जनावराचं काळीज, फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकू नका, आणि कुत्र्यांना जंताचं औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्या.