गच्चीवरची बाग जळाली, माठाखालचा पुदिना टिकला

(या भागाचं बोलणं इथे लिहून देतोय. मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत.)

मी सावंगी (मेघे) इथून बोलतोय. मागे जी घरघर ऐकू येतेय ना, तो कूलर आहे. तो बंद केला तर हा भाग पाच मिनिटांत संपेल, म्हणून सहन करा.

आजचा विषय आहे उन्हाळ्यातली घरची बाग आणि अखजीचा स्वयंपाक. अखजी म्हणजे अक्षय तृतीया. हे दोन वेगळे विषय आहेत असं मलाही वाटायचं. ते एकच आहेत हे कळायला माझी बावीस कुंड्यांची बाग जळावी लागली.

गोष्ट २०२५ ची. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता आणि अक्षय तृतीया ३० एप्रिलला. बरोबर एक महिना. आजी गेल्यानंतरची ती पहिली अखजी. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. घरात आंबा आला तरी पितरांच्या पानात रस वाढेपर्यंत आई कोणाला बोट लावू देत नाही. मी ठरवलं, आजीच्या पानात यंदा घरी पिकवलेलं काहीतरी असलं पाहिजे. वर्क फ्रॉम होम होतं, गच्ची रिकामी होती, आणि मी रोज रात्री इंग्लंडमधला एक बागेचा चॅनल बघायचो. तिथल्या बाई सांगायच्या, उन्हाळा आला, आता टमाटर बाहेर काढा, जिथे सगळ्यात जास्त ऊन तिथे ठेवा.

मी ऐकलं. पाडव्याला सांबार पेरला (पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, सांबार म्हणजे कोथिंबीर), टमाटर आणि मिरचीची रोपं लावली. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि गच्चीचा सगळ्यात उन्हाचा कोपरा.

पंधरा दिवसांत सांबार पिवळा. टमाटरला फुलं आली आणि गळाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दुपारीही पाणी द्यायला लागलो. वर हुशारी अशी, की पाणी वाचवायला कूलरच्या टाकीतलं आणि आरओचं फेकायचं पाणी वापरलं. पानांच्या कडा करपल्या. वीस एप्रिलपर्यंत सगळं संपलं. आई वर आली, कुंडीला हात लावला आणि म्हणाली, "काऊन रे, झाडायले उकडून राह्यला का?"

मला राग आला, पण ती शब्दशः खरं बोलत होती. नंतर शांतपणे बसून एकेक चूक काढली.

पहिली चूक, कॅलेंडर. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात तापमान साधारण वीस-पंचवीसच्या घरात असतं. हिवाळ्यात गोठलेली बाग तेव्हा जागी होते. टमाटरला तेच हवं असतं. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की त्याची फुलं फळ न धरताच गळतात. आमच्या वर्ध्यात पारा ४५ ला जाऊन येतो. सांबार तर थंडीचंच पीक. म्हणजे त्यांचा जो हिवाळा, तो आपला उन्हाळा. झाडांनी दम धरून बसायचा ऋतू.

दुसरी चूक, कुंडी. काळं प्लॅस्टिक उन्हात तापतं आणि मुळं चारही बाजूंनी भाजतात. सेवाग्रामला बापूकुटी बघा. मातीच्या भिंती आणि त्यांना सावली देणारं खाली उतरलेलं कौलारू छप्पर. भिंतीवर थेट ऊन पडू द्यायचं नाही, एवढंच. कुंडीलाही तेच लागू.

तिसरी चूक, पाणी. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. रोज नवीन पाणी ओतलं की टाकीत क्षार वाढत जातात. आरओच्या फेकायच्या पाण्याचंही तसंच. मी झाडांना रोज थोडं थोडं मीठ पाजत होतो.

आता अखजीकडे येतो. दोन दिवस आधी मी आईला म्हटलं, आजीच्या पानात माझं काहीच नाही. ती कुरडयांचा डबा काढत होती. म्हणाली, "तिच्या पानात टमाटर कधी होते का?"

मग मी पान नीट बघितलं. चिंचवणी: चिंचेचा कोळ, गूळ, जिरेपूड, मीठ, थोडं तिखट. चिंच झाडाची, नुकतीच उतरलेली. सोबत कुरडया आणि पापड, उन्हात वाळवलेले. कोहळ्याचे बोंडं. कोहळं जाड सालीचं, हिवाळ्यापासून माळ्यावर टिकलेलं. कढीत गोडनिंब, जुन्या झाडाचा. उडदाचे वडे, कोठीतल्या डाळीचे. आणि आंब्याचा रस. पाडव्याची चटणीही आठवली: कडुनिंबाचा मोहर, गूळ, ओवा.

एकही गोष्ट उन्हाळ्यात कुंडीत वाढवलेली नव्हती. सगळं एकतर खोल मुळांच्या झाडांचं, नाहीतर साठवलेलं, वाळवलेलं. एप्रिल-मेमध्ये इथे काय मिळू शकतं, ते आपल्या सणाच्या पानात आधीच लिहून ठेवलंय. मी मॅन्युअल न वाचता कोड लिहायला बसलो होतो.

आणि मग माठ भरायला गेलो. तिवईखाली, जिथे माठ पाझरून थेंब पडतात, तिथे आजीनं लावलेला पुदिना होता. हिरवागार. भिंतीची सावली, वर माठाचा गारवा, दिवसभर थेंब थेंब पाणी. मी त्याला कधी बाग समजलोच नव्हतो. तो खुडून कैरीची चटणी वाटली आणि आजीच्या पानात डाव्या बाजूला वाढली. आई काही बोलली नाही. तिनं चटणी थोडी पुढे सरकवली, चिंचवणीला जागा केली.

तर आता तुमच्यासाठी, कामाचं.

कुंड्या पूर्वेच्या भिंतीला आणा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारची सावली. जमलं तर वर ५० टक्केवाली हिरवी नेट. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरून ओलं पोतं गुंडाळा. मातीवर दोन बोटं जाड कुटार किंवा वाळका पाला. पाणी सकाळी सातच्या आत. बोट खुपसून बघा, आत ओल असेल तर देऊ नका. मोठ्या कुंडीत किंवा अंगणात एक छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. ते हळूहळू पाझरतं. मडकं नवीन घ्या, जुन्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. खत आणि कुंडी बदलणं आत्ता नको.

पेरायचंच असेल तर चवळाई, भेंडी, गवार. सावलीत पुदिना. बाकी रिकाम्या कुंड्यांची माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात झाकून ठेवा. अखजी ते मिरग, पाच-सहा आठवडे. शेतकरी उन्हाळी नांगरट करून जे साधतो, त्याचीच ही छोटी आवृत्ती: किडीची अंडी, बुरशी, तणाचं बी तापून मरतं. मिरगाचा पाऊस पडला की त्याच मातीत दोडका, कारलं, कोहळं लावा. कोहळं जपून ठेवलंत तर पुढच्या अखजीच्या पानात ते तुमचंच असेल.

माझं एक आलंय. साडेतीन किलो. माळ्यावर आहे.

तुमच्या घरी अखजीच्या पानात काय काय असतं ते व्हॉइस नोटनं पाठवा, आणि शक्य असेल तर आजीच्याच आवाजात. आत्ता विचारून घ्या, नंतर विचारू म्हणू नका. चला, कूलरमध्ये पाणी टाकायचंय. भेटू.