फाईलची भाषा कोणती?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



हैदराबादेत माझे नाव ऐकताच समोरचा मनुष्य उर्दूत बोलू लागतो. त्यात त्याचा दोष नाही. हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. परंतु आमचे घराणे नांदेडकडचे, घरची बोली मराठी. चार वाक्ये झाली की तो हसून आपला अंदाज सुधारतो. आज मला सांगायचे आहे ते यंत्राच्या अशाच अंदाजाविषयी.

आमची मुले संगणकावर प्रोग्रॅम लिहितात ते एडिटर नावाच्या साधनात. हा एडिटर शब्दांना निरनिराळे रंग देतो. त्यासाठी फाईल कोणत्या भाषेतील, हे त्याला आधी ओळखावे लागते. पहिली खूण नावाच्या शेपटाची. 'डॉट पीवाय' म्हणजे पायथन. पण 'डॉट पीएल' पर्लचेही असते आणि प्रोलॉगचेही! मग आत डोकावणे आले. पहिली ओळ '#!' या चिन्हांनी सुरू झाली, तर प्रोग्रॅम कोणी चालवायचा त्याचे नाव तेथेच मिळते.

ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला विम हा एडिटर आधी नाव पाहतो. त्यावरून निर्णय झाला नाही, तर मजकूर चाळतो. (विम वापरणाऱ्यांनी युगांडातील गरजू मुलांना मदत करावी, असे आवाहन त्याच्यासोबतच येते, हे आपल्या संस्थेने ऐकण्याजोगे आहे.) इमॅक्सची रीत निराळी. लेखकाने पहिल्या ओळीत स्वतः भाषा सांगितली असेल, तर तीच प्रमाण. फाईलच्या नावाचा विचार मागाहून.

अंदाज चुकला तर काय होते? रंग चुकतात; मजकुराला धक्का लागत नाही. पण माणसाला लागतो. आमच्या एका विद्यार्थिनीने पायथनचा अचूक प्रोग्रॅम लिहिला आणि नावाला 'डॉट टीएक्सटी' हे साध्या मजकुराचे शेपूट लावले. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर एकही रंग दिसेना. आपलेच चुकले असे समजून तिने सारे पुसून टाकले. चुकली होती ती फक्त वरची चिठ्ठी.

शिष्यवृत्तीचे अर्ज आपल्यापुढे येतील, तेव्हा नाव वाचून मनात अंदाज उठेलच. तो उठू द्यावा. पण त्यावर शिक्का मारण्यापूर्वी आतल्या चार ओळी वाचाव्यात, आणि मुलाला स्वतः बोलू द्यावे. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.