गावाचा कल आणि मतदानाचा टक्का

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



निवडणूक आटोपली की गावच्या पारावर दोन प्रश्न हमखास निघतात. मतदान किती झाले, हा पहिला आणि गाव कोणाच्या बाजूने गेले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाशी आपणा सर्वांच्या कर्तव्याचा संबंध आहे. दुसऱ्याचे उत्तर मतदाराच्या मनात असते आणि ते तेथेच राहावे, अशी कायद्याची योजना आहे. लहान गावात या दोन प्रश्नांची गल्लत होते. म्हणून आज त्यांविषयीच चार शब्द बोलावेत, असे मी योजिले आहे.

प्रथम टक्क्याचा विचार करू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नंदुरबार मतदारसंघात ७०.६८ टक्के मतदान झाले. रावेरमध्ये ते ६४.२८, धुळ्यात ६०.२१ आणि जळगावमध्ये ५८.४७ टक्के होते. नंदुरबार, रावेर व जळगाव येथे मतदान एकाच दिवशी, म्हणजे १३ मे रोजी झाले. वैशाखाचे ऊन तिन्हीकडे सारखेच होते. सातपुड्याच्या पाड्यांवरील मतदार डोंगर उतरून केंद्रावर आला. सरदार सरोवराच्या पाण्यालगतच्या काही वस्त्यांसाठी तर मतदान पथकांना बोटीने जावे लागते. उलट जेथे डांबरी रस्ता, एस. टी. आणि शाळा हाताशी आहे, त्या जळगावात शंभरांपैकी एकेचाळीस मतदार केंद्रावर आले नाहीत. अंतर आणि ऊन ही कारणे खरी असली, तरी ती पुरेशी नाहीत, हे यावरून दिसते.

न दिलेल्या मताचे मोल किती, हे धुळ्याने त्याच वर्षी दाखविले. मालेगाव व बागलाणचा भाग धरून त्या मतदारसंघात सुमारे वीस लाख मतदार होते. त्यांपैकी जवळजवळ आठ लाखांनी मतदान केले नाही आणि निकाल लागला तो अवघ्या ३,८३१ मतांनी! एवढी मते चार-पाच गावांतच भरतात.

तथापि गैरहजर असलेला प्रत्येक जण उदासीन असतो, असे समजणे अन्यायाचे होईल. खानदेशातील कित्येक कुटुंबे कामधंद्यासाठी सुरत, नाशिक, पुणे येथे गेली आहेत. सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत राहते. मृताचे नाव वर्षानुवर्षे निघत नाही. अशा यादीवरून काढलेला टक्का खऱ्यापेक्षा कमी दिसतो. यास्तव मतदानाचा टक्का वाढविण्याचे काम निवडणुकीच्या दिवशी नव्हे, तर यादी तपासताना सुरू होते. नवीन नोंदणीसाठी नमुना ६, वगळणीसाठी नमुना ७ आणि दुरुस्ती वा स्थलांतरासाठी नमुना ८ आहे. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक ठरले आहेत. शाळा सोडणाऱ्या मुलामुलींपर्यंत ही माहिती पोहोचविणारा शिक्षकाहून योग्य माणूस गावात दुसरा नाही.

आता कलाविषयी. एखादे गाव, एखादी जात, एखादा पाडा अमक्याचाच, असे आपण सहज बोलून जातो. आपल्या विभागाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ज्या खानदेशात १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, त्याच खानदेशाने १९५७ साली उत्तमराव पाटील यांना जनसंघातर्फे लोकसभेवर पाठविले. त्या वर्षी साऱ्या देशातून त्या पक्षाचे चारच सदस्य निवडून आले होते. नंदुरबारने माणिकराव गावित यांना १९८१ पासून २००९ पर्यंत नऊ वेळा निवडून दिले. पुढे २०१४ व २०१९ मध्ये त्याच मतदारसंघाने भारतीय जनता पक्षाला आणि २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेसला कौल दिला. मतदाराला गृहीत धरता येत नाही, हीच लोकशाहीची प्रकृती होय.

वस्ती जितकी लहान, तितके मताचे गुपित पातळ होते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची चिमुकली वस्ती आहे. तेथे मध्यरात्रीच मतदान करून लगेच निकाल जाहीर करण्याची प्रथा आहे. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तेथील सहा मतदारांची मते तीन-तीन अशी विभागली गेली. आपल्याकडे यंत्रावरील मोजणी केंद्रवार होते, त्यामुळे गावाचा, कधीकधी एखाद्या पाड्याचाही कल आकड्यांत दिसतो. विधी आयोगाने २०१५ मध्ये अनेक केंद्रांची मते एकत्रित मोजण्याची शिफारस केली, ती याच चिंतेतून. आकडा पाहून कोणी म्हणू लागला की, त्या वस्तीने आपल्याला मत दिले नाही, तिची पाण्याची टाकी पुढच्या वर्षी पाहू, तर गुप्त मतदानाला अर्थ उरत नाही. नळयोजना, रस्ता, घरकुल यांचे निकष शासननिर्णयात लिहिलेले असतात आणि मतांची बेरीज हा त्यांपैकी निकष नाही.

दुसरा धोका बोलीचा. २०२१ च्या जानेवारीत नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी येथे पदांसाठी लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तेथील ग्रामपंचायतीची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. पैसा देवस्थानाच्या कामी लागणार होता, हे समर्थन आयोगाने मानले नाही, आणि ते योग्यच झाले. सर्वांशी बोलून बिनविरोध निवड होणे निराळे आणि ज्याची थैली मोठी त्याच्यासाठी इतरांनी अर्ज न भरणे निराळे. तेथे मतदार घरी राहत नाही, त्याला घरी बसविले जाते. गरीब शेतमजुराच्या हाती श्रीमंताइतकेच वजनाचे असे एकच साधन असते. ते साधन लिलावात जाते.

मित्रहो, आपणांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. ग्रामसभेत मतदार यादीचे वाचन व्हावे. मजुरीसाठी बाहेर गेलेल्यांना मतदानाची तारीख वेळीच कळवावी. केंद्रावर सावली व पाणी असावे आणि वृद्ध व अपंग यांना आधार मिळावा. निकालानंतर मात्र कोणी कोणाला मत दिले, याची चौकशी गावात होऊ नये. मतदार मोकळ्या मनाने केंद्रावर येतो तो या भरवशावरच. तो भरवसा राखणे शासनाच्या परिपत्रकाने पुरते साधत नाही. ते आपणा गावकारभाऱ्यांच्या वागण्यातूनच साधावे लागते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!