कॅप्टन विजयंत थापर : एक स्मरण

(गणेशोत्सवातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. पदविका घेऊन रेल्वेत लागलेला, रूळ आणि खडी यांत रमणारा माणूस. पण कार्यकारिणीने "पाच मिनिटे बोला" असे सांगितले, तेव्हा हा एकच विषय डोळ्यांसमोर आला.

नोएडातल्या एका रस्त्याचे नाव विजयंत थापर मार्ग आहे. गेल्या वर्षी मूर्ती आणताना आपला टेम्पो तिथे वाहतुकीत अडकला होता. माझ्या मुलाने पाटी वाचून विचारले, "बाबा, हे कोण?" मला "कारगिलमधले कोणीतरी" एवढेच सांगता आले. लाज वाटली. मग वाचत गेलो.

विजयंतचा जन्म २६ डिसेंबर १९७६ चा. वडील सैन्यातले अधिकारी. विजयंत रणगाड्यावरून मुलाचे नाव ठेवलेले. डिसेंबर १९९८ मध्ये तो दुसऱ्या राजपुताना रायफल्समध्ये अधिकारी झाला आणि पलटणीबरोबर कुपवाड्यात गेला. पुढच्या मे महिन्यात कारगिल पेटले आणि पलटण द्रासला निघाली.

मी त्याच्याहून एका वर्षाने लहान. जून १९९९ मध्ये मी भुसावळला रेल्वेच्या परीक्षेची तयारी करत होतो. मिलिटरी स्पेशल थांबली की आम्ही पोरे पाण्याच्या बादल्या घेऊन धावायचो. खिडकीतले चेहरे आमच्याच वयाचे असत. तेव्हा रूळ जम्मूतावीलाच संपत. पुढचा सगळा प्रवास रस्त्याने. तो श्रीनगर-लेह रस्ता शत्रूने तोलोलिंगच्या उंचीवरून नजरेखाली ठेवला होता. आमच्या भाषेत सांगायचे, तर वर बसलेल्या मूठभर माणसांनी सगळा सेक्शन ठप्प केला होता. १३ जूनला दुसऱ्या राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतले. त्या लढाईत विजयंत होता.

त्यानंतर थ्री पिंपल्स आणि नोल. २८ जूनची रात्र पौर्णिमेची होती. उघड्या धारेवर लपायला जागा नव्हती. मशीनगनच्या माऱ्याने चढाई अडली, तेव्हा विजयंत पुढे झाला आणि २९ जूनच्या पहाटेपूर्वी पडला. वय साडेबावीस, नोकरी जेमतेम सहा महिन्यांची. त्याला मरणोत्तर वीरचक्र मिळाले. याच लढाईत मेजर पद्मपाणि आचार्य आणि कॅप्टन केंगुरुसे हेही गेले. एक हैदराबादचे, एक नागालँडचे. राजपुताना रायफल्सची युद्धघोषणा 'राजा रामचंद्र की जय'. ती त्या रात्री त्या सगळ्यांची होती.

चढाईपूर्वी त्याने घरी पत्र लिहून ठेवले होते. माझे अवयव काढता आले तर काढा, अनाथाश्रमाला काही द्या, आणि कुपवाड्यातल्या एका लहान मुलीला दरमहा ५० रुपये देत राहा, अशा त्याच्या इच्छा. त्या मुलीच्या वडिलांना अतिरेक्यांनी मारले होते. सैन्य कुठे लढले ते येऊन पाहा, असेही त्याने वडिलांना लिहिले. कर्नल थापर त्याप्रमाणे त्या डोंगरांत गेले. नंतरही जात राहिले.

मला त्या ५० रुपयांनी गप्प केले. उद्या जगणार की नाही हे माहीत नसलेला बावीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्याच्या मुलीच्या महिन्याच्या खर्चाची सोय लावत होता.

आता घरातली गोष्ट. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला एनडीएची परीक्षा द्यायची होती. मी सरळ "नाही" म्हणालो. "आधी इंजिनीअरिंग बघ," असे सांगितले. खरे कारण भीती हे होते. बादल्या भरताना मी त्या चेहऱ्यांकडे कौतुकाने पाहिले, कारण ती दुसऱ्यांची मुले होती. हे स्वतःशी कबूल करायला मला बरेच दिवस लागले. शेवटी मी आणि सौ. दोघांनी त्याला होकार दिला. भीती गेलेली नाही. ती कर्नल थापरांनाही असेलच.

विजयंत आपल्या मुलुखाचा नव्हता, पण आपण ज्या गावात पोट भरतो त्या गावाने त्याला आपला मानले आहे. म्हणून दोन सूचना मांडतो. दरवर्षी २९ जूनला आपण मुलाबाळांसह सेक्टर २९ मधल्या शहीद स्मारकावर जावे. आणि प्रत्येक घराने महिना ५० रुपये वेगळे काढून मंडळातर्फे एका गरजू मुलीचे शिक्षण करावे. हिशेब मी ठेवीन.

पुढच्या वर्षी मूर्ती आणताना कोणा मुलाने ती पाटी वाचून विचारले, तर आपल्याला नीट उत्तर देता यावे, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद!