अभिमानाची रुजुवात



आज तुमच्या हाती पदवीची सनद पडत असताना तुमच्या मातापित्यांच्या मुद्रेवर जो अभिमान उमटला आहे तो निर्मळ आहे, आणि त्याविषयी मला काही सांगावयाचे नाही. परंतु कुल, प्रांत, भाषा, धर्म आणि राष्ट्र यांच्या नावाने उद्यापासून जो अभिमान तुमच्याकडे मागितला जाईल, त्याची परीक्षा तुम्ही कशी करणार, याची मला काळजी वाटते. गर्वाला उभे राहावयास कोणीतरी खाली असावा लागतो. स्वाभिमान अन्यायापुढे मान लवू देत नाही. एवढा भेद तुम्ही जाणताच. अवघड आहे तो पूर्वजांच्या ठेव्याविषयीचा अभिमान, कारण तेथे भक्ती आणि आत्मवंचना एकाच वेषात वावरतात.

केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृतविद्या यांचे अध्ययन करून आलेल्या डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादकत्व स्वीकारले. या ग्रंथावर त्यांची श्रद्धा अपार होती, आणि म्हणूनच शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा नाना लिपींतील पोथ्यांची ओळीओळीने रुजुवात घेण्याचे कष्ट त्यांनी पत्करले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही आबालवृद्धांच्या मुखी असलेली कथा पोथ्यांच्या साक्षीने टिकेना, तेव्हा त्यांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. ज्या पुण्यात प्रत्येक शुभकार्याचा आरंभ गणेशपूजनाने होतो, त्याच पुण्यात हा निर्णय झाला, हे ध्यानात घ्या. त्यांनी कथा नष्ट केली नाही, तिचा उपहासही केला नाही. तिला तिच्या पुराव्याइतके स्थान दिले. मला याहून थोर अभिमान ठाऊक नाही.

आणखी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. सिद्ध केलेल्या संहितेत जेथे पाठ निश्चित ठरत नव्हता, तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापण्याची त्यांनी व्यवस्था केली, म्हणजे उत्तरकालीन अभ्यासकाने नेमके कोठे शंका घ्यावी हे संपादकाने स्वहस्तेच दाखवून ठेवले.

१९४३ च्या जानेवारीत ते निवर्तले, डॉ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी कार्य पुढे नेले, आणि १९६६ साली संहितेचे प्रकाशन पूर्ण झाले. तुमच्यापैकी कोणी जुनी दफ्तरे तपासाल, कोणी न्यायालयात उभे राहाल, कोणी शाळेत मुलांना इतिहास सांगाल. त्यापूर्वी या आवृत्तीतला आदिपर्वाचा खंड एकदा हाती घ्या, कोणतेही पृष्ठ उघडा, आणि वर संहितेच्या ओळी किती थोड्या व खाली बारीक टंकातले पाठभेद किती दाट आहेत, ते स्वतः पाहा.