विम्याचे कार्ड म्हणजे रुग्णालय नव्हे
(पनवेल येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



आरोग्यसेवा सार्वत्रिक असावी की खाजगी, हा वाद आता जुन्या स्वरूपात मांडला जात नाही. बाजाराचे समर्थकही ‘सर्वांना आरोग्य’ ही घोषणा देतात. फरक एवढाच, की सर्वांसाठी रुग्णालये उभारण्याऐवजी ते सर्वांच्या हाती विम्याचे कार्ड देतात. या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा आजचा खरा प्रश्न होय.

रायगड जिल्ह्याला या प्रश्नाचा दीर्घ अनुभव आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांपैकी हा एक. पुढील वर्षी ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व कुटुंबांना तीत घेण्याचा निर्णय झाला. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारात या योजनेने अनेक कुटुंबांना कर्जापासून वाचविले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु योजना बिल भागविते. डॉक्टर निर्माण करीत नाही. ती ठरावीक यादीतील उपचारांना, आणि बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच, लागू होते. तापाचे औषध, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, तपासणीसाठी बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. २०२१–२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. त्या वर्षी सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

स्पर्धेने सेवा स्वस्त होईल, असे सांगितले जाते. केनेथ ॲरो हा काही समाजवादी प्रचारक नव्हे. परंतु १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने दाखवून दिले, की वैद्यकीय सेवा ही इतर मालासारखी नसते. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, आणि कोणता उपचार हवा हे विकणाराच ठरवितो. छातीत कळ आलेला माणूस दहा रुग्णालयांचे दर विचारीत हिंडू शकत नाही.

शिवाय ज्या आजारात नफा नाही, त्याकडे बाजार फिरकतच नाही. याच जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांचे निरीक्षण आरंभिले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून त्यांनी मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटविले. कोकणातील अनवाणी शेतकऱ्याच्या दुखण्यात कोणत्या कंपनीने भांडवल गुंतविले असते?

‘सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटत नाही’ ही तक्रार अनेक ठिकाणी खरी असते. तिचे कारण मात्र समजून घेतले पाहिजे. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो, ते तेथे जात नाहीत. ब्रिटनमध्ये १९४८ साली अन्यूरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, ती सर्वांसाठी. केवळ गरिबांसाठी नव्हे. जी सेवा फक्त गरिबांची, ती लवकरच गरीब सेवा होते. आपल्याकडेही भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते, की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये.

२०२० च्या साथीत पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवावे लागले, आणि खाजगी रुग्णालयांचे दर बांधण्यासाठी शासनाला आदेश काढावे लागले. संकटात सार्वजनिक व्यवस्थाच आधार ठरते. मग एरवी तिची उपासमार का?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. परंतु जेथे डॉक्टरची जागा रिकामी, तेथे मोफत उपचाराला अर्थ नाही. हंगामापुरते वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला कार्डापेक्षा जवळचे आरोग्य केंद्र, तेथील परिचारिका आणि सर्पदंशावरील लस अधिक मोलाची आहे.

म्हणून कार्डे काढून देण्याचे काम कार्यकर्त्यांनी अवश्य करावे, पण तेथे थांबू नये. तालुक्यातील प्रत्येक आरोग्य केंद्रात किती पदे रिक्त आहेत, कोणती औषधे संपली आहेत, याची नोंद करावी. ती ग्रामसभेत वाचावी आणि जिल्हा परिषदेला जाब विचारावा. मध्यमवर्गालाही या लढ्यात ओढावे. आज विम्याचा हप्ता भरणारा तोही एका मोठ्या आजाराने दरिद्री होऊ शकतो. आरोग्य हा हक्क आहे असे म्हणणाऱ्यांनी तो बजावण्याची जागा, म्हणजे आपल्या गावचा सरकारी दवाखाना, आधी राखला पाहिजे.