कळस चढला, आता काटा सरळ व्हावा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मंदिरावर कळस चढला, हा गावाच्या भाग्याचा दिवस होय. या कामातील एक गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. अकरा रुपये देणाऱ्याला पावती मिळाली आणि अकरा हजार देणाऱ्यालाही पावतीच मिळाली. सिमेंटच्या गोणीपासून गवंड्याच्या मजुरीपर्यंत सर्व खर्च वहीत लिहिला गेला. म्हणूनच देणाऱ्याचा हात आखडला नाही. देवाच्या पैशाला जो चोख हिशेब लागतो, तोच शेतकऱ्याच्या धान्याला का लागू नये, एवढाच प्रश्न आज गावापुढे ठेवावयाचा आहे.

हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, तेव्हाही कुणब्याच्या कष्टाचे मोल मधल्यामध्ये कोठे जाते, हेच दुखणे होते. शेजारच्या वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. त्यात गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा हेतू मोठा होता, शेतकऱ्याचे हित मागाहून आले. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा १९३० साली झाला. पुढे महाराष्ट्राचा कायदा १९६३ साली झाला व १९६७ पासून अंमलात आला. त्यापूर्वी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे. माल ज्याचा, त्यालाच भाव कळत नसे. कायद्याने उघड लिलाव आला, अधिकृत तोलणार आला, हिशोबपट्टी आली.

परंतु कायद्याचा हात बाजार समितीच्या फाटकापर्यंत जितका पोहोचतो, तितका गावाच्या वेशीपर्यंत पोहोचत नाही. लहान शेतकऱ्याजवळ पाच-सात पोती माल. परभणी, मानवत, सेलू किंवा गंगाखेडच्या मोंढ्यात तो न्यायचा तर गाडीभाडे परवडत नाही. मग खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर माल घातला जातो. त्या काट्यावर मुद्रांकन झाले आहे काय, हे कोणी विचारीत नाही. ओलाव्याच्या व कचऱ्याच्या नावाखाली कडता जातो, त्याची पावती नसते. क्विंटलमागे दोन किलो गेले तर पन्नास क्विंटलला एक क्विंटल जातो, एवढा हिशेब तिसरीतले पोरही करील. व्यापारी हा शत्रू नव्हे. चोख व्यापारी गावाला हवाच आहे. खरा काटा आणि लेखी पावती यांनी चोख व्यापाऱ्याचेही भलेच होते.

दुसरी गोष्ट घाईच्या विक्रीची. सुगीच्या तोंडावर देणेकरी दारात उभा असतो, लेकराची फी असते, रब्बीचे बियाणे घ्यावयाचे असते. सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव उतरतो. यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० सालापासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा असा माल ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सालीना ६ टक्के व्याजाने मिळते. समजा, दहा क्विंटल तूर ठेवली व भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला. मालाची किंमत ७०,००० रुपये झाली. कर्ज ५२,५०० रुपये मिळेल, सहा महिन्यांचे व्याज १,५७५ रुपये होईल. म्हणजे क्विंटलमागे १५८ रुपयांच्या आसपास. भाव याहून जास्त, शिवाय वाहतूक व हमालीपुरता वाढला, तरच थांबण्यात फायदा.

येथे खोटी आशा दाखविणे योग्य नाही. थांबले म्हणजे भाव वाढतोच असे नव्हे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली राहिला. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांवर असला की माल परत येई. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मर्यादा १५ टक्के केली, तोवर अनेकांनी मिळेल त्या भावाला माल देऊन टाकला होता. सगळे शिवार एकाच पिकावर आणि सगळे घर एकाच भावावर टांगलेले असले म्हणजे असे होते.

जुन्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. ज्वारीच्या या मुलखाला तेव्हा अमेरिकेची मिलो खावी लागली. त्याच वर्षी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, जे आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. त्या विद्यापीठाने ज्वारीचे 'परभणी मोती' वाण दिले, आणि २०१८ साली 'परभणी शक्ती' हे लोह व जस्त अधिक असलेले वाण आले. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. जगाने ज्वारीचा गौरव केला आणि ज्वारीच्या मुलखात मात्र पेवे बुजली, कडब्याच्या गंजी कमी झाल्या, भाकरीसाठी दुकानाची वाट धरावी लागली. गंगाखेडच्या संत जनाबाईंची आठवण जात्याशिवाय होत नाही. त्या जात्यात घालावयाचे धान्य शिवारातच पिकले पाहिजे.

यास्तव गावाने चार गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी नम्र सूचना आहे.

पहिली, सप्ताहाच्या महाप्रसादाची ज्वारी, तूरडाळ व भाजी शक्यतो गावच्या शेतकऱ्याकडूनच, त्या दिवशीच्या मोंढ्याच्या भावाने, रोख व पावती देऊन घ्यावी. दान वेगळे लिहावे, खरेदी वेगळी लिहावी. देवाच्या नावावर कोणाचा माल स्वस्तात पडू नये.

दुसरी, गावात एक सामाईक काटा ठेवावा. त्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून घ्यावी. विक्रीपूर्वी ज्याला वाटेल त्याने आपला माल तेथे तोलून पाहावा.

तिसरी, मंदिराच्या फळ्यावर सुविचार लिहिला जातो, त्याखाली मोंढ्याचा भावही लिहावा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील.

चौथी सूचना पुण्या-मुंबईस व हैदराबादेस असलेल्या देणगीदारांसाठी आहे. देणगी वर्षातून एकदा येते, पण डाळ-भाकरी रोज लागते. एका क्विंटल तुरीची साधारण सत्तर किलो डाळ होते, चुनी जनावरांना उपयोगी पडते. पाच-पंचवीस शेतकऱ्यांनी गट करून डाळ व ज्वारी नीट निवडून दिली आणि गावच्याच परगावी असलेल्या घरांनी ती वाजवी भावाने घेतली, तर मधला पैसा गावात राहील. काम वाढल्यास शेतकरी उत्पादक कंपनीचा मार्ग आहेच. मात्र एका पोत्यात खडा निघाला की दहा गिऱ्हाइके तुटतात, हे गटाने विसरू नये.

बंधुभगिनींनो, दगडी गाभारा पुष्कळ वर्षे टिकेल. परंतु त्यात दिवा लावणारी घरे शेतीवर टिकली पाहिजेत. पोरे कर्जापायी गाव सोडून गेली, तर आरतीला कोण उभे राहील? ज्या गावाने पैशा-पैशाचा हिशेब ठेवून मंदिर उभे केले, त्या गावाला पोत्या-पोत्याचा हिशेब ठेवणे अवघड नाही. काटा सरळ राहो, पावती लेखी मिळो, आणि पिकविणाऱ्याच्या ताटात त्याचे धान्य सुखाने पडो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.